मशीनची साक्ष

घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर 'मूव्हमेंट' म्हणत नाहीत, 'मशीन' म्हणतात. विलेपार्ल्यात स्टेशनच्या पूर्वेला काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या अशाच एका कारागिरापुढे मी वडिलांचं घड्याळ ठेवलं. त्यांनी मागचं झाकण काढलं, क्षणभर आत पाहिलं आणि म्हणाले, "केस खरी आहे, काका. डायल पुन्हा छापलेली आहे. आणि मशीन ह्याचं नव्हेच."

ते घड्याळ वडिलांना लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. घरात त्याच्याबद्दल सांगितलेल्या साऱ्या गोष्टी डायलवरच्या नावाभोवती फिरायच्या. मशीन कुणी पाहिलंच नव्हतं. मधे केव्हातरी ते दुरुस्तीला गेलं होतं एवढं आईला आठवत होतं, दुकान कुठलं ते आठवत नव्हतं. मला त्या दिवशी फार राग आला. आपल्या भोळ्या माणसांना कुणीतरी फसवलं, एवढंच मनात होतं. ह्या पुस्तकाची टिपणं त्या रागात सुरू झाली. पुढे शेकडो मशीनं उघडलेली पाहिल्यावर तो राग बराचसा निवळला, आणि पुस्तकाची दिशाही बदलली.

'घड्याळ ओरिजिनल आहे का?' हा प्रश्न आपण एका दमात विचारतो. पण त्यात निदान तीन प्रश्न दडलेले असतात. मशीन कुणी बनवलं? केव्हा बनवलं? आणि ज्या केसमध्ये ते आज आहे, त्या केसमध्ये ते पहिल्यापासून होतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं धातूवर मिळतात. तिसऱ्यासाठी त्या घड्याळाचं आयुष्य जिथे गेलं ते शहर ठाऊक असावं लागतं, म्हणून मुंबईपासून सुरुवात करतो.

स्विस घड्याळांचा व्यापार मुंबईत एकोणिसाव्या शतकातच रुजला. ल लोक्ल गावची फाव्र-ल्यूबा, म्हणजे आपल्या तोंडातलं 'फेवरलुबा', १८६५पासून हिंदुस्थानात माल विकू लागली. १८८६ साली वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव मुंबईतच व्यापारात उतरलं. घड्याळं स्वित्झर्लंडमधल्या सँतिमिएहून यायची आणि नावं इथल्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेली असायची. 'सोवार प्रिमा'मधला सोवार म्हणजे घोडदळातला आपला स्वार. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी सैनिकांबरोबर ही घड्याळं तिकडेही पोचली. मशीनमधल्या डुलणाऱ्या चाकाची, म्हणजे बॅलन्सची, नाजूक टोकं धक्क्यापासून वाचवणारी इंकाब्लॉक ही योजना १९३४ साली ह्याच सोवार प्रिमात प्रथम बसवली गेली. वेस्ट एंडचं नाव जगाला फारसं ठाऊक नसेल, पण आपल्या आजोबांच्या पिढीला ते पाठ होतं.

झाकणावर बी.बी. अँड सी.आय. रेल्वेची अक्षरं कोरलेली खिशातली घड्याळंही अधूनमधून समोर येतात. पार्ल्याचं स्टेशन ज्या रेल्वेवर उभं राहिलं तीच ही रेल्वे. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती पश्चिम रेल्वेत विलीन झाली. असं घड्याळ हाती आलं की पार्लेकराचं मन हलतं. पण कोरलेली अक्षरं मालक कोण ते सांगतात, आणि झाकण एका घड्याळाचं काढून दुसऱ्याला बसवता येतं. आतल्या मशीनचं वय आणि त्या अक्षरांचा काळ जुळला, तरच पुढे बोलावं.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९५६-५७मध्ये परकीय चलनाची टंचाई आली आणि चैनीच्या वस्तूंची आयात आवळली गेली. परदेशी घड्याळाची हौस मात्र कमी झाली नाही. मॅट्रिक झालेल्या मुलाला, नवऱ्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या साहेबांना घड्याळच द्यायचं असे. मग ते समुद्रावरून चोरून येऊ लागलं. १९६२च्या कस्टम्स कायद्यातलं १२३वं कलम मुद्दाम वाचण्यासारखं आहे. चोरटा माल असल्याच्या रास्त संशयावरून वस्तू जप्त झाली, तर ती तशी नाही हे सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावर टाकणारं हे कलम. त्यात सोन्याच्या जोडीला घड्याळांचा नावानिशी उल्लेख आहे. घड्याळ कुठून आलं ह्या प्रश्नाला आपल्या शहरात एके काळी एवढं वजन होतं.

चोरून आलेल्या घड्याळाचे सुटे भाग रीतसर कुठून मिळणार? कमान तुटली, बॅलन्सचा दांडा मोडला, तर कारागिरापुढे दोनच वाटा असायच्या. बंद पडलेल्या दुसऱ्या घड्याळातून तो भाग काढायचा, नाहीतर त्याच मापाचं अख्खं मशीन बदलायचं. त्यात मुंबईची हवा. चार महिने पाऊस आणि बारा महिने समुद्राची खार. डायलवर डाग पडतात, रंग फुगतो, चावीच्या भोकातून ओल शिरून पोलादी भाग गंजतात. म्हणून डायल पुन्हा छापून देण्याचा धंदा इथे वाढला, आणि तो उघडपणे, गिऱ्हाइकाच्या मागणीवरून चालायचा. लग्नातलं घड्याळ पुन्हा नव्यासारखं दिसावं असं वाटणाऱ्या माणसाला कुणी फसवत नव्हतं.

जगभरचे संग्राहक आज अशा घड्याळांना सरसकट 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि तो शब्द शिवीसारखा वापरतात. मला तो मान्य नाही. गरजेपोटी केलेली दुरुस्ती आणि विक्रीसाठी केलेली फसवणूक ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरवर पाहता दोन्हींच्या खुणा सारख्या दिसतात, आणि त्या वेगळ्या ओळखता येणं हे मी ह्या विषयातलं सर्वांत मोठं कसब मानतो. पुस्तकाचा निम्मा भार त्याच्यावर आहे.

जुन्या प्रामाणिक दुरुस्तीत बदललेलं मशीनही बहुधा त्याच काळातलं आणि त्याच प्रतीचं असतं. ते केसमध्ये नीट बसतं, कारण कारागिराला ते वर्षानुवर्षं चालवायचं असतं. स्क्रूंच्या खाचांवर अनेकदा उघडल्याच्या खुणा असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक अक्षरं दिसतात: कारागिराची खूण, एखादा आकडा, कधी तारीख. ही अक्षरं पुसू नका आणि झाकणाला पॉलिश करू देऊ नका. दुरुस्तीच्या वह्या काळाच्या ओघात गेल्या. ह्या ओरखड्यांत त्यांतलं थोडं शिल्लक आहे.

फसवणुकीची घाई वेगळीच दिसते. डायल कोरी करकरीत असते आणि तिच्यावर महागडं नाव असतं, पण डायलच्या मागचे दोन छोटे पाय कापून ती मशीनवर चिकटवलेली असते, कारण ते पाय ह्या मशीनच्या भोकांशी जुळतच नाहीत. मशीन आणि केस ह्यांच्यातली फट भरायला प्लॅस्टिकची कडी घातलेली असते. चावीचा दांडा केसच्या भोकात मधोमध न येता एका बाजूला घासतो. डायलवर 'ऑटोमॅटिक' छापलेलं आणि आत चावीचं मशीन, हेही मी कितीदा तरी पाहिलं आहे. ह्यांतली एखादी खूण सुटी पाहून कुणाला दोषी ठरवू नये. तीन-चार एकत्र आल्या, तर मात्र संशयाचा फायदा देऊ नये.

मशीनवर एक नाव आणि डायलवर दुसरं, हे पाहून नवखा माणूस दचकतो. दचकण्याचं कारण नाही. युरा ह्या स्विस डोंगराळ भागात घड्याळ बनवणं हे पूर्वापार वाटून घेतलेलं काम होतं. कुणी कच्चं मशीन घडवायचं, कुणी दात कापायचं, कुणी खडे बसवायचं, आणि शेवटी ज्याचं नाव डायलवर यायचं तो जुळणी करायचा. ह्या कच्च्या मशीनला फ्रेंचमध्ये 'एबोश' म्हणतात. फोंतेनमलों गावचा एफ.एच.एफ., ग्रेंखेनचा ए. शिल्ड म्हणजे ए.एस. हे त्यातले बडे कारखाने. १९२६ साली त्यांनी आणखी एका कारखान्यासह 'एबोश एस.ए.' हा संघ केला, आणि १९३२ साली एटर्नापासून वेगळी झालेली ईटीए त्यात आली. एकच ए.एस. मशीन डझनावारी नावांखाली विकलं गेलं आहे, आणि ती सगळी घड्याळं अस्सल आहेत. उलट रोमर घ्या. मॅट्रिकच्या बक्षिसांत हमखास दिसणाऱ्या ह्या घड्याळाचा कारखाना स्वतःची मशीनं बनवत असे आणि त्यांवर एम.एस.टी. ही मूळ मालकांच्या नावाची अक्षरं घालत असे. रोमरमध्ये ए.एस. निघालं तर विचारपूस करावी. कुठल्या नावाखाली कुठलं मशीन शोभतं, हे ठाऊक असल्याशिवाय निवाडा देता येत नाही.

खोट्या नावांचा प्रकार तसा जुनाच. पॅरिसच्या ब्रेगे ह्या घड्याळजीची नक्कल इतकी होऊ लागली, की १७९५च्या सुमारास त्याने डायलवर तिरप्या उजेडातच दिसेल अशी बारीक गुप्त सही कोरायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर बनलेली अमेरिकन घड्याळं आली. १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ती पाहून स्विस लोक हादरले आणि त्यांनीही कारखानदारी स्वीकारली. त्यामुळे आपल्या विषयाला पायाच मिळाला: सुटे भाग एकसारखे होऊ लागले, मशीनला क्रमांक मिळाले, आणि क्रमांक म्हटला की यादी आलीच.

ओळख पटवण्याचे आज तीन संप्रदाय दिसतात.

पहिला सुटे भाग विकणाऱ्यांचा. त्यांना कोणता भाग कुठे बसेल एवढ्याशीच कर्तव्य होतं, म्हणून त्यांची पद्धत सर्वांत रोखठोक. मशीनचा व्यास 'लीन' ह्या जुन्या फ्रेंच मापात मोजायचा. एक लीन म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर. मग डायल काढून चावीच्या दांड्याजवळची रचना पाहायची. चावी बाहेर ओढली की काटे फिरवता येतात, आत ढकलली की कमान आवळता येते. हा बदल घडवणाऱ्या पट्टीला दाबून धरणारी जी पातळ पोलादी स्प्रिंग असते, तिचा आकार प्रत्येक कारखान्याने आणि प्रत्येक मशीनला वेगळा दिला. माप आणि हा आकार मिळाले की अमेरिकेतल्या 'बेस्टफिट'च्या किंवा जर्मनीतल्या 'फ्लूमे'च्या सूचीत मशीन सापडतं. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखंच हे काम आहे. बॅलन्सच्या चाकाखाली कारखान्याची बारीक खूण आणि क्रमांक बहुधा असतोच, पण तो घासून काढता येतो. स्प्रिंगचा आकार घासून काढता येत नाही. मला स्वतःला हा संप्रदाय सर्वांत जवळचा वाटतो, आणि ते मी लपवत नाही.

दुसरा दप्तराचा. लाँजीनसारख्या कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकापासूनची विक्रीची खातेपुस्तकं जपली आहेत. क्रमांक कळवला की त्या क्रमांकाचं मशीन कधी आणि कुणाकडे गेलं ते सांगता येतं. हा पुरावा भक्कम खरा, पण तो मशीनच्या क्रमांकापुरताच. नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर तीस लाखांहून अधिक स्विस फ्रँकना विकलं गेलं. दोन वर्षांनी खुद्द ओमेगानेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं होतं आणि त्यात कंपनीच्याच काही माजी माणसांचा हात होता. एवढं मोठं दप्तर, एवढे जाणकार, तरी ही गत. कागद आणि धातू दोन्ही वाचावे लागतात.

तिसरा जाणकारांचा. अमेरिकेतली १९४३ची आणि ब्रिटनमधली १९५३ची, ह्या दोन हौशी-अभ्यासू संस्थांच्या आश्रयाने तो वाढला. मशीनची चाकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, म्हणजे पुलांच्या, कडा कशा घासल्या आहेत, धातूवरचे पट्टे कसे ओढले आहेत, स्क्रूचं डोकं कसं चमकतं, ह्यावरून ही मंडळी घराणं ओळखतात, गायकीसारखंच. वय ठरवायलाही त्यांच्या खुणा उपयोगी पडतात. इंकाब्लॉकची वीणेच्या आकाराची स्प्रिंग दिसली की मशीन १९३४च्या आधीचं नाही. निव्हारॉक्स ह्या मिश्रधातूची हेअरस्प्रिंग असेल तर १९३३च्या आधीची नाही. पहिल्या महायुद्धातलं म्हणून दाखवलेल्या घड्याळात ह्यांतलं काही निघालं, तर निदान तो भाग तरी नंतरचा. इथेही दुरुस्तीची शक्यता लक्षात ठेवावी. मशीनवर आकड्याच्या आधी कोरलेला छोटा अधिक चिन्हासारखा क्रूस पुष्कळांना दर्जाची मोहोर वाटतो. ती स्विस पेटंटच्या क्रमांकाची खूण असते, एवढंच.

उगमाचा प्रश्न आणखी एका बाजूने गुंतलेला आहे. १९३० साली सोव्हिएत सरकारने अमेरिकेतल्या ओहायोमधल्या बंद पडलेल्या ड्यूबर-हॅम्पडन कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेतली आणि मॉस्कोत पहिला मोठा घड्याळ कारखाना उभा केला. १९६१च्या सुमारास चीनने स्विस 'व्हीनस १७५' ह्या मशीनची हत्यारं विकत घेतली; त्याचे वंशज आजही तियानजिनमध्ये तयार होतात. आणि त्याच १९६१ साली बंगळुरात जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळं सुरू झाली. आपल्या 'जनता'च्या पोटातल्या मशीनची वंशावळ जपानी आहे, हे सांगितलं तर काही वाचक दुखावतात. दुखावू नये. ते मशीन भारतीय हातांनी घडवलं, आणि चांगलं घडवलं. वंश आणि जन्मगाव वेगळं असू शकतं, हे आपल्याला मुंबईत तरी कुणी शिकवायला नको.

आज ह्या पुस्तकाची गरज वाटते तीही बरीचशी एचएमटीमुळे. जानेवारी २०१६मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस कायमची बंद करण्यास मंजुरी दिली, आणि कपाटाच्या तळाशी पडलेल्या घड्याळांना अचानक भाव आला. चावीच्या एचएमटीत सर्रास सापडणारं ०२३१ हे सतरा खड्यांचं, तासाला १८,००० ठोके देणारं मशीन चिवट असतं. त्यामुळे मशीनं शिल्लक राहिली, डायली मात्र गेल्या. मग कारखान्याने कधीच न छापलेल्या रंगांच्या 'पायलट' आणि 'जनता' बाजारात आल्या. मशीन शंभर टक्के अस्सल, घड्याळ मात्र गेल्या महिन्यात जन्मलेलं. मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात किंवा मोबाइलवर असं घड्याळ घेणारा तरुण मुलगा बहुधा आजोबांच्या आठवणीसाठी पैसे मोजत असतो. म्हणून मला ही फसवणूक महागड्या घड्याळांच्या फसवणुकीपेक्षा जास्त लागते.

दुसरं कारण पार्ल्यातच दिसतं. जुन्या बंगल्यांच्या, चाळींच्या जागी इमारती उठल्या; घरं रिकामी करताना डबे उघडले गेले, आणि त्यांत निघालेली घड्याळं मुलामुलींनी वाटून घेतली किंवा विकली. त्याच वेळी मशीन उघडून सांगणारे हात कमी होत चालले आहेत. मी ज्यांच्यापुढे बसून शिकलो, त्यांच्यानंतर त्या पेटीमागे कुणी बसणार नाही.

हे पुस्तक मराठी घरांत सापडणाऱ्या, १९३०नंतरच्या अर्धशतकातल्या चावीच्या आणि ऑटोमॅटिक मनगटी घड्याळांपुरतं आहे. खिशातली घड्याळं ओघाने येतात. क्वार्ट्झ नाही, आणि लाखालाखांच्या लिलावी घड्याळांसाठी जगात पुष्कळ ग्रंथ आहेत. किमती मी मुद्दाम दिलेल्या नाहीत. प्रत्येक मशीनची दोन्ही बाजूंची छायाचित्रं दिली आहेत, कारण डायलखालची बाजू न पाहता दिलेलं मत मी ग्राह्य धरत नाही. शब्द शक्यतो कारागिरांचेच ठेवले: मशीन, कमान, चावी, खडा. काही निवाडे चुकीचे ठरतील. पुरावा दाखवलात तर मी ते आनंदाने बदलीन.

वडिलांचं घड्याळ मी पुन्हा तपासलं. आत बसवलेलं मशीन त्याच दशकातलं, त्याच मापाचं, नीट बसवलेलं आहे, आणि झाकणाच्या आत एका कारागिराची सुईने कोरलेली खूण आहे. ते कुणी फसवण्यासाठी बदललेलं नव्हतं. वडिलांनी पुढची सोळा वर्षं त्यावर लोकल पकडली.

वाचकांना एकच विनंती. घरातलं जुनं घड्याळ दुरुस्तीला देण्याआधी कारागिराकडून झाकण उघडून घ्या आणि मशीनचं छायाचित्र काढा. बदललेले भाग, ती जुनी गंजलेली डायलसुद्धा, पुडीत बांधून परत मागा. आणि एका कागदावर लिहून ठेवा: हे कुणी, कुणाला, कधी दिलं. तो कागद आणि ती पुडी घड्याळाच्याच डबीत ठेवा.

विलेपार्ले (पूर्व), मुंबई